परतीची बोट आधी ठरवा, बाकी सगळं मग

नेरूळहून एका ताईंनी विचारलं आहे: "दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला ५ रात्री मिळतात. आम्ही दोघं, १३ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी, आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. गर्दी नको, एखादं छोटंसं बेट हवं, म्हणून अंदमानमधलं नील मनात आहे. एकाने कार्यक्रम आखून दिलाय: पोर्ट ब्लेअर, बाराटांग, हॅवलॉक आणि नील, आणि शेवटच्या दिवशी सकाळी नीलहून बोट, दुपारी विमान. हे जमेल का? की लक्षद्वीपला जावं?"

ताई, बेट अगदी योग्य निवडलंत. कार्यक्रम मात्र मोडा. पूर्ण मोडा आणि नव्याने लिहू या.

मी ठाण्यात, नौपाड्यात, गेली २२ वर्षं लोकांना सहली आखून देते. छोट्या बेटावर जाणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगते की बेटाचा कार्यक्रम शेवटाकडून सुरुवातीकडे लिहायचा. आधी घरी परतायचं विमान, मग त्याच्या आदल्या दिवशीची बोट, मग बेटावरच्या रात्री, आणि काय काय बघायचं ते सगळ्यात शेवटी. महाबळेश्वरहून निघताना एका घाटात दरड कोसळली तर आपण दुसऱ्या घाटाने उतरतो. बेटाला दुसरी वाट नसते. बोट हाच रस्ता, आणि तो आज चालू की बंद हे वारा ठरवतो.

हे मी शिकले ते एका कुटुंबाचं नुकसान झाल्यावर. सुरुवातीच्या वर्षांत घोडबंदर रोडवरच्या ११ जणांना मी अंदमानला पाठवलं होतं. कार्यक्रम तुमच्यासारखाच होता, सकाळी बोट आणि दुपारी विमान. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर उद्याच्या फेऱ्या रद्द झाल्याचं सांगितलं गेलं. ऊन पडलेलं, आभाळ निळं. त्यांच्यातल्या आजोबांनी मला फोनवर विचारलं, "अहो, इथे पावसाचा थेंब नाही, मग बोट का नाही?" पाऊस नसतानाही वाऱ्याने आणि लांबून आलेल्या लाटांनी समुद्र बंद होतो, हे मी त्यांना तेव्हा समजावत बसले. खरं तर ते महिनाभर आधी, तिकिटं काढताना सांगायला हवं होतं. दोन दिवसांनी बोट सुटली. विमानाची तिकिटं बुडाली, नवी भलत्या भावाने काढावी लागली. निम्मे पैसे मी भरले, पण आजोबांच्या त्या दोन रात्रींची काळजी मी कशी भरून देणार होते? तेव्हापासून बेट सोडायचा दिवस आणि विमानाचा दिवस एकच असलेला कार्यक्रम मी कुणालाही दिलेला नाही. ग्राहक रागावून दुसरीकडे गेले तरी दिलेला नाही.

आणि हे काही जगावेगळं घडलं नव्हतं. डिसेंबर २०१६ मध्ये, पुढे 'वरदा' नाव पडलेलं वादळ अंदमानजवळ आकार घेत असताना, हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते. त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली, आणि समुद्र इतका खवळलेला होता की त्यांनाही थांबावं लागलं. ऐन हंगामातली ही गोष्ट आहे.

आता तुमच्या तारखांबद्दल मनातलं सांगते. अंदमानात नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो, आपल्याकडे येण्याआधी जवळजवळ तीन आठवडे. तो ओसरला की आपण मोकळे, असं आपल्याला वाटतं, कारण आपल्या अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर दसऱ्यानंतर पाऊस संपतो. बंगालच्या उपसागराचं गणित निराळं. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर हे वादळांचे महिने, त्यातही नोव्हेंबर जास्त. म्हणजे दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच दिवसांत येते. समुद्र सगळ्यात शांत आणि पाणी सगळ्यात नितळ असतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, पण तेव्हा मुलांच्या परीक्षा. परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर उकाडा सोसावा लागेल, पण बोटी वेळेवर चालण्याची शक्यता दिवाळीपेक्षा बरीच जास्त. माझ्या घरचं कोणी असतं तर मी एप्रिल सुचवला असता. दिवाळीशिवाय रजाच मिळत नसेल तर दिवाळीतही जा, पण मग एक रात्र वाढवा. ५ च्या ६ करा. ती सहावी रात्र फिरण्यासाठी नाही, समुद्रासाठी ठेवायची.

लक्षद्वीपचं थोडक्यात सांगते, कारण या खेपेला ते मी तुम्हाला सुचवणार नाही. बेटं ३६, सगळी मिळून क्षेत्रफळ जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, आणि वस्ती १० बेटांवर. जायला प्रवेश परवाना लागतो, त्याची कागदपत्रं वेळेत पूर्ण करावी लागतात. कोचीहून छोटं विमान अगत्तीला उतरतं, नाहीतर जहाजाने रात्रभराचा प्रवास. प्रवाळाच्या कड्याने घेरलेलं तिथलं उथळ खाजण-पाणी इतकं शांत असतं की सासूबाईंना कंबरभर पाण्यात खुर्ची टाकून बसता येईल. पण ५-६ रात्रींत कोचीला जाण्यायेण्यातच वेळ जाईल, आणि परवान्याचं काम दिवाळीच्या तोंडावर सुरू करण्यासारखं नाही. त्यासाठी चार महिने आधीपासून तयारी करू.

नीलला जायला तुम्हाला कसलाही परवाना लागत नाही. नावांचा गोंधळ मात्र आधीच मिटवून घ्या. ३० डिसेंबर २०१८ ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. जुनी दोन्ही नावं १८५७ चा उठाव मोडणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर, फलकांवर, हॉटेलवाल्यांच्या बोलण्यात जुनं-नवं मिसळलेलं असतं. घाईत तिकीट काढताना स्वराज आणि शहीद यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. तुम्हाला हवं ते शहीद द्वीप.

तर नवा कार्यक्रम असा. पहिल्या दिवशी पहाटेच्या विमानाने निघा. तुम्ही रात्री दोन-अडीचला नेरूळहून निघालेल्या असाल, त्यामुळे त्या दिवशी पोर्ट ब्लेअरमध्ये झोप आणि संध्याकाळी सेल्युलर जेल, एवढंच. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाच्या ७ पाकळ्यांपैकी आता ३ उरल्या आहेत. १३ वर्षांच्या मुलाला सावरकरांची कोठडी दाखवायचीच, पण ती वरच्या मजल्यावर आहे. सासूबाईंना खाली अंगणात बसू दे, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम बसल्या जागेवरून दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने नील. तिथे सलग ३ रात्री. पाचव्या दिवशी सकाळच्या बोटीने परत. दुपारची नाही, सकाळचीच, म्हणजे काही बिनसलं तर दुपारची हाताशी राहते. पाचवी आणि सहावी रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये, सातव्या दिवशी विमान. सहावा दिवस मोकळा मिळाला, तर समोरच्या रॉस बेटावर जा. आता ते नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजांच्या पडक्या इमारतींना वडाच्या मुळांनी कवटाळलेलं आहे आणि मधून हरणं हिंडतात, मुलं खूश होतील.

हॅवलॉक मी काढलं. राधानगरचा किनारा सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण प्रत्येक जादा बेट म्हणजे एक जादा बोट, सामानाची एक बांधाबांध, दोन धक्के, आणि रद्द होऊ शकणारी आणखी एक फेरी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला समुद्र त्रास देत नाही, चढउतार देतात. चुनखडीच्या गुहांचं बाराटांग तर मी ठामपणे काढायला सांगेन. त्यासाठी पहाटे तीन-चारला निघून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जावं लागतं. सासूबाईंना तो प्रवास झेपणार नाही हे एक. दुसरं असं की त्या रस्त्यावर पुष्कळांचं लक्ष गुहांपेक्षा खिडकीबाहेर माणसं दिसतात का याकडे असतं, आणि माणसं बघायला जाणं मला पटत नाही. आपल्या मुलांना ते दाखवू नये असं मला मनापासून वाटतं.

आता बोट. पोर्ट ब्लेअर ते नील खासगी वेगवान बोटीने साधारण तास-दीड तास, सरकारी बोटीने त्याहून बराच जास्त वेळ. खासगी बोट बंद, वातानुकूलित, विमानासारख्या खुर्च्यांची. तिकीट घरबसल्या मिळतं. सरकारी बोट स्वस्त, पण तिच्यावर पहिला हक्क बेटावरच्या लोकांचा असतो, आणि तो असायलाच हवा, कारण त्यांचा दवाखाना, बाजार, कॉलेज सगळं त्याच बोटीवर चालतं. सरकारी बोटीचा एक मोठा गुण म्हणजे वर उघड्यावर उभं राहता येतं. ज्यांना बोट लागते त्यांना बंद केबिनमध्ये एसीच्या वासात जास्त मळमळतं, वाऱ्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघितलं की पुष्कळदा बरं वाटतं. खासगी बोटीत बसणार असाल तर खालच्या मजल्यावर, मध्याच्या जरा मागे जागा घ्या. तिथे हेलकावे कमी. पुढच्या खिडकीची हौस मुलांना असते, पण बोटीचं नाक सगळ्यात जास्त आपटतं.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगते. धक्का जागचा हलत नाही, बोट भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते. भरतीला बोटीचा काठ धक्क्याच्या बरोबरीला येतो आणि माणूस सपाट फळीवरून चालत आत जातो. ओहोटीला तीच बोट हातभर, कधी त्याहून जास्त खाली गेलेली असते, आणि फळी उतरती होते. त्या फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, ओल्या असतात, बोट हलली की फळीही सरकते. मागून लोक ढकलत असतात, पुढे खलाशी हात पुढे करून "जल्दी, जल्दी" म्हणत असतो. म्हातारं माणूस घाबरतं ते इथे, भर समुद्रात नाही. म्हणून तीन गोष्टी करा. सासूबाईंच्या हातात काहीही देऊ नका, पर्ससुद्धा नाही. पायात मागून पट्टा असलेली, खरखरीत तळव्याची चप्पल हवी, सपाता नकोत. आणि घाई करू नका, सगळे चढू द्या, मग यजमानांनी आधी उतरून समोरून हात द्यावा आणि तुम्ही मागे राहा. गुडघा दुखणाऱ्याने उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा, चढताना बरा पाय आधी. मी हे धक्क्यावर माझ्या आईकडून म्हणून घेतलं होतं, 'चढताना बरा, उतरताना दुखरा', आणि ती पुटपुटत पार गेली.

बोट लागण्यावर अ‍ॅव्होमिनसारखी गोळी निघायच्या एक-दोन तास आधी घेतली तर तिचा खरा उपयोग. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन तेवढा उपयोग होत नाही. पण तिने झोप येते, आणि सासूबाईंच्या रक्तदाबाच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. मुलांचं प्रमाणही त्यांच्याकडूनच घ्या. आलेपाक आणि आवळासुपारी पिशवीत असू द्या. पोट रिकामं ठेवू नका आणि टम्म भरूही नका. सकाळी साधी पोळी-भाजी खाऊन निघालेली माणसं सगळ्यात बरी राहतात, छोले-भटुरे खाल्लेली नाही.

नीलवरचा दिवस लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेट कितीतरी पूर्वेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास बुडतोदेखील, तेव्हा ठाण्यात सूर्य मावळायला अजून तास असतो. सुट्टी आहे म्हणून नवाला उठलात तर अर्धा दिवस गेला. चारला सूर्यास्त बघायला निघा, साडेपाचला किनाऱ्यावर मिट्ट काळोख असतो. पहिल्या दिवशीच मुलांना नऊला झोपवा, मग तिसऱ्या दिवशी ती आपसूक पाचला उठतील आणि पूर्वेच्या सीतापूर किनाऱ्यावर उगवता सूर्य बघतील.

गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. सासूबाईंना ती ऐकूनच आपलेपणा वाटेल. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना इथे वसवलं गेलं, त्यामुळे भाषा बंगाली, पण हिंदी सगळ्यांना येतं. धक्क्यापासून पार टोकाच्या सीतापूरपर्यंत रस्ता जेमतेम ५ किलोमीटर. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, सुपारी, केळी, भाज्यांचे वाफे. अंदमानला भाजी पुरवणारं बेट म्हणूनच ते ओळखलं जातं. मोठ्या मुलाला सायकल भाड्याने घेऊन द्या. आयुष्यात पहिल्यांदा तो अख्खं गाव एकटा फिरू शकेल आणि तुम्हाला त्याची काळजी वाटणार नाही. नेरूळच्या पाम बीच रोडला हे सुख नाही.

आता ओहोटीची गोष्ट, कारण नीलवर सगळं तिच्यावर चालतं. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला प्रवाळी खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथपर्यंत पोचता येतं ते ओहोटीलाच. वाटेत खडकांच्या खळग्यांत अडकलेलं पाणी, त्यात खेकडे, समुद्रकाकड्या, बोटाएवढे रंगीत मासे. तुमची धाकटी तिथून हलणार नाही. उलट पोहायला भरती हवी, ओहोटीला किनाऱ्याजवळचे धारदार दगड उघडे पडतात आणि पाय कापतात. म्हणजे एकाच दिवशी दोन्ही करायचं तर वेळ बघूनच. दोन ओहोट्यांत साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर, त्यामुळे ओहोटी रोज जवळजवळ ५० मिनिटं पुढे सरकते. वेळापत्रक पोर्ट ब्लेअरचं बघा, मुंबईचं चालणार नाही.

उधाण कधी आणि भांग कधी, हे मात्र तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरही कळतं. कोळी लोक तिथीवरच चालतात. अमावस्या-पौर्णिमेनंतर दोनेक दिवस उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फारसं हलत नाही. लक्ष्मीपूजनाला अमावस्या असते, म्हणून भाऊबीजेच्या सुमाराला समुद्राला उधाण असतं. तुम्ही भाऊबीज करून निघालात तर नीलवर पोचाल चतुर्थी-पंचमीला. म्हणून कमानीला पहिल्याच ओहोटीला जा, पुढे ढकलू नका, कारण रोज ओहोटी थोडी कमी खाली जाईल. तुळशीचं लग्न उरकून पौर्णिमेला धरून निघालात तर ओहोटी पुन्हा खोल मिळेल. सासूबाईंनी कमानीपर्यंत जाऊ नये, खडक शेवाळलेले आहेत. त्यांना लक्ष्मणपूरच्याच पुळणीवर झाडाखाली बसवा. सूर्यास्त तिथूनच सगळ्यात चांगला दिसतो.

पाण्याखालचं सांगायचं तर, स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन मारायची बुडी (डाइव्ह), शिकवणारे साधारणपणे १० वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. मोठ्याला करता येईल. धाकटीला भरतपूरच्या काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दाखवा. सासूबाईही त्यात बसू शकतील. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल तर स्कूबाच्या फॉर्मवर खरं लिहा. तो फॉर्म जीव वाचवायला असतो. आणि डाइव्ह तिसऱ्या दिवशी उरकून घ्या. विमानात बसण्याआधी एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्हनंतर निदान १८ तास जायला हवेत, असा या क्षेत्रातला मान्य नियम आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुड्यांसारखा बाहेर पडतो, म्हणून. परतीची बोट आणि विमान यांच्यात मी ठेवलेली मोकळी रात्र इथेही कामी येते.

प्रवाळावर उभं राहू नका, मुलांना आधीच सांगून ठेवा. तो दगड दिसतो, पण जिवंत असतो, आणि त्याच्या पुष्कळ जाती वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटरच वाढतात, काही तर त्याहूनही कमी. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापला तेव्हा अंदमानचं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं. जे उरलंय ते आपल्या पायांनी तरी मोडू नये. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे. एकदा आमच्या गटातल्या एका मुलीच्या कंपासपेटीत विमानतळाच्या तपासणीत अंगठ्याएवढा तुकडा सापडला. तो काढून घेतला, समज देऊन सोडलं, पण ती लहानगी घरी येईपर्यंत रडत होती. निघायच्या आदल्या रात्री मुलांचे खिसे आणि खेळण्याचे डबे तपासा.

खोली निवडताना फोटो बघू नका, फोन करून विचारा. तळमजल्यावर आहे का, पायऱ्या किती, कमोड आहे का, वीज गेली तर जनरेटर किती तास चालतो, प्यायला पाणी कुठून येतं. धक्क्याजवळच्या नील केंद्र बाजारापासून किती लांब, हेही विचारा. लांबचं रिसॉर्ट शांत असतं, पण रात्री सासूबाईंना औषध लागलं तर रिक्षा मिळायला हवी. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापुढचं काही असेल तर पोर्ट ब्लेअर. म्हणून रोजची औषधं दहा दिवसांची न्या, दोन पिशव्यांत विभागून. रोख पैसेही तसेच. एटीएमच्या भरवशावर राहू नका, आणि नेट मंद असलं की ऑनलाइन पैसे देणं अडतं. मुलांसकट सगळ्यांची मूळ ओळखपत्रं बोटीसाठी लागतात.

जेवणाची चिंता नको. ताजा मासा भरपूर, आणि मासे न खाणाऱ्यालाही तिथे ताजी भाजी मिळते. भात सगळीकडे, पोळी शोधावी लागते, आणि फोडणीला मोहरीच्या तेलाचा वास येतो, तो काहींना चालत नाही. मेतकूट, लोणच्याची लहान बरणी आणि दिवाळीच्या चकल्यांचा एक डबा न्या. बोट रद्द होऊन धक्क्यावर बसायची वेळ आली तर तोच डबा घर वाटतो.

तिकिटांचा क्रम: आधी विमान, मग दोन्ही बाजूंच्या बोटी, मग खोल्या. पण विमानाचे पैसे भरण्याआधी दोन्ही दिवशी बोट आहे ना आणि नीलवर खोली आहे ना, एवढा फोन करून घ्या. प्रवासविमा काढलात तर हवामानामुळे रद्द झालेली बोट त्यात धरली आहे का, हे कलम वाचून घ्या. निघायच्या आठवड्यात हैदराबादच्या इन्कॉईस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघा. लाटा चढणार असं दिसलं तर बेटावरची तिसरी रात्र सोडून एक दिवस आधी परत या. पैसे गेले तरी जाऊ द्या.

आणि हे सगळं करण्याआधी एक छोटं काम. पाऊस ओसरल्यावर एखाद्या रविवारी सासूबाईंना घेऊन गेटवेहून घारापुरीला जा. साधारण तासाभराची बोट. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. लेण्यांच्या १२० पायऱ्या त्यांनी चढायची गरज नाही. धक्क्यापासून छोटी गाडी आहे, खाली शेतबंदरला बसून भाजलेलं कणीस खाऊ द्या. मुलांना सांगा की मुंबईच्या इतक्या जवळ असूनही या बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ मध्ये. बेट म्हणजे काय ते त्यांना तिथेच कळेल. तुम्ही मात्र फक्त सासूबाईंकडे बघा. फळीवरून उतरताना त्या घाबरतात का, हेलकावे सुरू झाले की गप्प होतात का, परतताना कुठे बसावंसं वाटतं त्यांना, आत की वाऱ्यावर. ते मला कळवा, मग नीलसाठी खासगी बोट घ्यायची की सरकारी, ते ठरवू.